जॅझ ऐकायला सुरुवात कशी करावी: मोजकी ध्वनिमुद्रणे आणि त्यांचा क्रम

जॅझ ऐकू इच्छिणाऱ्या नव्या श्रोत्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती पसाऱ्याची. पहिली जॅझ तबकडी १९१७ साली निघाली आणि तेव्हापासून इतके काही मुद्रित झाले आहे की कोठून हात घालावा हेच कळत नाही. मग माणूस इंटरनेटवरची एखादी तयार यादी लावतो, ती पाठीमागे वाजत राहते आणि महिन्याभरात त्याचे मत होते की हे संगीत उपाहारगृहात बरे, लक्ष देऊन ऐकण्यासारखे त्यात काही नाही. हे मत चुकीच्या पद्धतीने ऐकल्यामुळे झालेले असते. जॅझ हे रचनांपेक्षा कलावंतांचे संगीत आहे. कोणती धून वाजते आहे यापेक्षा ती कोण वाजवतो आहे आणि या वेळी तिचे काय करतो आहे, याला येथे महत्त्व असते. म्हणून शंभर अल्बम एकेकदा ऐकण्याऐवजी पाचसहा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकावेत आणि त्यांतली माणसे आवाजावरून ओळखू यावीत, एवढेच पहिले उद्दिष्ट ठेवावे. पुढे दिलेला क्रम या एका हेतूने लावलेला आहे. त्यातली निवड माझ्या आवडीची आहे, आणि ती मी कोठेही लपवलेली नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

मोबाइलच्या स्पीकरवर जॅझ ऐकू नये. डबल बेस या वाद्याचे खालचे स्वर त्या लहानशा स्पीकरमधून जवळजवळ येतच नाहीत, आणि बेस ऐकू आला नाही तर बाकीचे वादक कशाच्या आधारावर उभे आहेत हे कळण्याचा मार्गच बंद होतो. बरे हेडफोन पुरेत; महागडी यंत्रणा लागत नाही. ॲपमध्ये गाणी उलटसुलट क्रमाने वाजवण्याची सोय बंद करावी आणि अल्बम जसा निघाला तसा सलग ऐकावा. ‘शांत जॅझ’, ‘अभ्यासासाठी जॅझ’ अशा नावांच्या याद्या टाळाव्यात, कारण त्यांत कोण वाजवतो आहे हे बहुधा सांगितलेले नसते. कोणताही अल्बम लावण्यापूर्वी त्यावरच्या सर्व वादकांची नावे शोधून एका कागदावर लिहावीत: ट्रम्पेट कोण, सॅक्सोफोन कोण, पियानो, बेस आणि ड्रम्स कोण. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

पहिला अल्बम: ‘काइंड ऑफ ब्लू’

अनेक जाणकार नवख्यांना हा अल्बम सुचवण्याचे टाळतात, कारण तो सगळेच सुचवतात. माझ्या मते ते चुकतात. माइल्स डेव्हिसचा हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या तिसाव्या रस्त्यावरच्या स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी मुद्रित झाला. ट्रम्पेटवर स्वतः माइल्स, टेनर सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन, ऑल्टो सॅक्सोफोनवर कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हन्स, बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर जिमी कॉब. फक्त ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एका रचनेत पियानोवर विंटन केली आहे. एवढी वेगवेगळ्या स्वभावाची माणसे एका खोलीत, एकाच साध्या सामग्रीवर, मोकळी जागा ठेवून वाजवत असल्यामुळे कोणाचा आवाज कोणता हे नवख्यालाही ओळखता येते. मी हाच अल्बम पहिला सुचवतो तो यासाठी.

पहिली रचना ‘सो व्हॉट’ सुमारे सव्वानऊ मिनिटांची आहे. ती पुढीलप्रमाणे ऐकावी. आरंभी पियानो आणि बेस यांचे बिनठेक्याचे, चाचपडल्यासारखे काही क्षण आहेत. मग बेस एक वाक्य बोलतो आणि पियानो त्याला दोन कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजवलेल्या स्वरांच्या दोन गुच्छांचे, उत्तर देतो. थोड्या वेळाने तेच दोन ठोके ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन मिळून देऊ लागतात. धून बेसने मांडायची आणि फुंकीच्या वाद्यांनी होकार भरायचा, ही मांडणीच त्या काळी वेगळी होती. दीड मिनिटाच्या सुमारास जिमी कॉब झांजेवर एक मोठा आघात करतो आणि त्यातून माइल्सचा सोलो, म्हणजे एकट्याने पुढे होऊन केलेले वादन, सुरू होतो. त्याचे स्वर थोडे, सरळ आणि न थरथरणारे आहेत, आणि दोन वाक्यांच्या मधली शांतताही तो मोजून ठेवतो. साडेतीन मिनिटांच्या थोडे आधी कोल्ट्रेन येतो. त्याचा आवाज कडक धातूचा आहे आणि एकाच कल्पनेला तो चारी बाजूंनी भिडतो. सव्वापाच मिनिटांच्या आसपास ॲडर्ली येतो तेव्हा खोलीत उजेड वाढल्यासारखे वाटते, कारण त्याच्या वादनात ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गीतप्रकाराचा रस आणि चर्चमधल्या गाण्याचा उत्साह आहे. सात मिनिटांनंतर बिल एव्हन्स दाट, एकमेकांना घासणाऱ्या कॉर्ड मांडतो आणि आता ते दोन ठोके बाकीचे वादक त्याच्या मागे देत राहतात. ही रचना लागोपाठ काही दिवस ऐकावी, आणि दर वेळी एकाच वादकाच्या मागे जावे. त्यातला एक दिवस तरी फक्त पॉल चेंबर्ससाठी ठेवावा.

रागसंगीताची सवय असलेल्या मराठी श्रोत्याला येथे एक खरी सोय आहे. ‘सो व्हॉट’चा बहुतेक भाग ज्या स्वरसप्तकावर उभा आहे, त्याचे स्वर आपल्या काफी थाटाचे आहेत: गंधार आणि निषाद कोमल, बाकी सर्व शुद्ध. म्हणून सुरुवातीची १६ मापे, म्हणजे बार, कान निवांत असतो. त्यानंतर पुढच्या ८ मापांसाठी संपूर्ण सप्तकच अर्ध्या स्वराने वर सरकते आणि मग शेवटच्या ८ मापांसाठी पुन्हा मूळ जागी येते. ज्याच्या कानात तंबोऱ्याचा अचल षड्ज बसलेला आहे, त्याला हे सरकणे फार ठळकपणे जाणवते, आणि जॅझमधल्या ‘चेंजेस’ या प्रकाराची ती सर्वांत सोपी ओळख आहे. इतर रचनांत कॉर्ड दर एकदोन मापांनी बदलतात. येथे तो बदल एकच आहे आणि तो सावकाश येतो.

अल्बम विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूवरच्या तिन्ही रचना टेपयंत्राच्या गतीतील फरकामुळे किंचित चढ्या स्वरात वाजत असत. ही चूक १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत दुरुस्त झाली, म्हणून जुनी सीडी किंवा तबकडी घेताना हे तपासावे.

मात्रा मोजायला शिकणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि त्यामुळेच पुढे अडतात. जॅझमधला सोलो हवेत तरंगत नसतो. तो ठरावीक लांबीच्या आवर्तनावर उभा असतो. या आवर्तनाला ‘कोरस’ म्हणतात. सर्वांत जास्त आढळणाऱ्या दोन लांब्या म्हणजे ३२ मापांची गाण्याची आणि १२ मापांची ब्लूजची. दर मापात बहुधा चार मात्रा असतात.

तीनताल ज्याच्या हातात आहे त्याने तो येथे सरळ वापरावा. ब्लूजच्या एका ओळीची चार मापे म्हणजे १६ मात्रा, म्हणजेच तीनतालाचे एक आवर्तन, आणि अशा तीन ओळी मिळून एक कोरस. गायलेल्या ब्लूजमध्ये पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग तिसरी, उत्तराची ओळ असा क्रम असतो, आणि प्रत्येक ओळीच्या पूर्वार्धात गायक गातो तर उत्तरार्धात एखादे वाद्य त्याला उत्तर देते. हे कानाने पाहायचे असेल तर बेसी स्मिथने १९२५ च्या जानेवारीत गायलेले ‘सेंट लुइस ब्लूज’ लावावे. तिच्या प्रत्येक ओळीला तरुण लुई आर्मस्ट्राँग कॉर्नेट या ट्रम्पेटसारख्या वाद्यावर उत्तर देतो, आणि पाठीमागे चालू आहे ते आपल्या संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्या जातीचे पत्तीचे वाद्य. शंभर वर्षांपूर्वीचे हे मुद्रण मला आजही कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवणारे वाटते. (त्याचा मधला भाग १६ मापांचा आहे; तेथे मोजणी चुकल्यासारखी वाटली तर दोष आपला नाही.)

यानंतर ‘काइंड ऑफ ब्लू’कडे परत येऊन ‘फ्रेडी फ्रीलोडर’ हा १२ मापांचा ब्लूज बोटांवर मोजत ऐकावा. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. टाळी किंवा चुटकी वाजवायची ती पहिल्या मात्रेवर नव्हे, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. ड्रम्सवादक पायाने चालणारी झांजांची जोडी याच मात्रांवर मिटतो. आवर्तनाचा आरंभ येथे समेसारखा ठसठशीत दाखवला जात नाही, उलट चांगला वादक आपले वाक्य त्या सीमेवरून मुद्दाम पलीकडे नेतो. सीमा कोठे आहे हे सांगण्याचे काम बहुधा ड्रम्सवादक करतो. दर आठ किंवा बारा मापांच्या अखेरीस तो एखादा छोटा तुकडा घेतो, तिकडे लक्ष ठेवावे. मोजणी काही आठवड्यांत आपोआप अंगात मुरते आणि मग बोटे थांबवता येतात.

एकच धून, तीन कलावंत

मोजता येऊ लागले की ‘बॉडी अँड सोल’ या गाण्याची तीन मुद्रणे एकामागून एक ऐकावीत. पहिले कोलमन हॉकिन्सचे, ११ ऑक्टोबर १९३९ चे. तीन मिनिटांच्या या तबकडीत तो टेनर सॅक्सोफोनवर दोन कोरस वाजवतो, आणि पहिली काही मापे सोडली तर मूळ चाल जवळजवळ वाजवतच नाही. तिच्याखालच्या कॉर्डवर तो स्वतःची नवी चाल रचत जातो आणि आवाज हळूहळू मोठा करत नेतो. आश्चर्य असे की ही तबकडी तेव्हा लोकांत चांगलीच खपली. दुसरे बिली हॉलिडेने १९४० मध्ये गायलेले. ती चाल सोडत नाही. मात्र शब्द मात्रेच्या किंचित मागे ठेवते, आणि तेवढ्याने गाण्याचा सगळा अर्थ बदलतो. तिसरे कोल्ट्रेनचे, १९६० चे, ज्यात त्याने खालच्या कॉर्डच बदलल्या आहेत. जॅझमध्ये स्वातंत्र्य म्हणजे नेमके कशाचे स्वातंत्र्य, हे या तीन मुद्रणांतून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशातूनही होत नाही. तिघांत निवडायचेच झाले तर माझी निवड बिली हॉलिडे आहे.

ज्यांना केवळ वाद्यसंगीत जड जाते, त्यांनी या टप्प्यावर एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा १९५६ चा ‘एला अँड लुई’ ऐकावा. ऑस्कर पीटरसनचा पियानो, रे ब्राऊनचा बेस, आणि दोन अगदी उलट जातींचे आवाज: एक धुतलेला, एक खरखरीत. त्यानंतर एलाची फेब्रुवारी १९६० मधली बर्लिनची मैफल ऐकावी. ‘मॅक द नाइफ’ गाताना ती शब्द विसरते आणि तेथल्या तेथे, ताल न सोडता, विसरल्याचेच शब्द रचून गात राहते.

नावांचा माग काढणे

आता तो नावांचा कागद काढावा. नवे अल्बम शोधण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही: जो वादक आवडला, तो आणखी कोठे वाजवतो हे पाहावे. ॲडर्ली आवडला असेल तर त्याचा मार्च १९५८ मध्ये मुद्रित झालेला ‘समथिंग एल्स’ घ्यावा. त्यात माइल्स दुसऱ्याच्या अल्बमवर पाहुणा म्हणून वाजवतो आणि ड्रम्सवर आर्ट ब्लेकी आहे. ब्लेकी आवडला तर त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमधला ‘मोनिन’. त्याच्या मुखड्यात पियानो हाक देतो आणि बाकीचे वादक ‘आमेन’ म्हणावे तसा प्रतिसाद देतात. त्यावर ट्रम्पेट वाजवणारा ली मॉर्गन तेव्हा केवळ वीस वर्षांचा होता, आणि एक वर्ष आधी तो कोल्ट्रेनच्या ‘ब्लू ट्रेन’वर होता, जेथे बेस पुन्हा पॉल चेंबर्सचा आहे. असा माग काढत गेले की पन्नाशीच्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये ही सारी माणसे एकमेकांच्या स्टुडिओत कशी येत-जात होती याचे चित्र आपोआप तयार होते.

यातले अनेक अल्बम एकाच माणसाने मुद्रित केले आहेत हेही त्या कागदावर दिसू लागेल. रूडी व्हॅन गेल्डर व्यवसायाने चष्म्याचे नंबर काढणारा होता आणि न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करत असे. १९५९ मध्ये त्याने एंगलवुड क्लिफ्स येथे स्वतंत्र स्टुडिओ बांधला. त्याच्या मुद्रणांत ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन कानाच्या अगदी जवळ येतात. पियानो मात्र मला नेहमी पेटीत बंद केल्यासारखा वाटतो.

बिल एव्हन्सच्या मागे गेल्यास आपण माझ्या सर्वांत लाडक्या मुद्रणापाशी पोहोचाल. रविवार, २५ जून १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये एव्हन्स, बेसवादक स्कॉट लाफारो आणि ड्रम्सवादक पॉल मोशन यांनी दुपारपासून रात्रीपर्यंत पाच सत्रे वाजवली. त्यांतून ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ हे दोन अल्बम निघाले. येथे बेस मागे राहून ठेका धरत नाही. तो पियानोशी संवाद करतो, त्याचे वाक्य मधेच उचलतो, त्याला आडवा जातो, आणि ड्रम्सवादक ब्रशने दोघांमधली जागा भरतो. ‘माय फूलिश हार्ट’मध्ये लाफारो एकेक स्वर किती वेळ धरून ठेवतो आणि एव्हन्स तो विरण्याची कशी वाट पाहतो, ते हेडफोनवर ऐकावे. पेल्यांची किणकिण आणि लोकांच्या गप्पाही ऐकू येतात, आणि त्या मला कधीच खटकल्या नाहीत. दहाअकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला. तो २५ वर्षांचा होता.

मागे जाणे

क्रमवार इतिहास पहिल्यापासून ऐकत येण्याचा सल्ला अनेक पुस्तके देतात. मी तो देत नाही, कारण जुन्या मुद्रणांचा खरखरीतपणा नवख्याला दूर लोटतो. कान तयार झाल्यावर मागे गेले की त्याच तबकड्या वेगळ्या ऐकू येतात. तेव्हा आता २८ जून १९२८ चे ‘वेस्ट एंड ब्लूज’ लावावे. आर्मस्ट्राँग एकटा, कोणाच्याही साथीशिवाय, सुमारे बारा सेकंद ट्रम्पेट वाजवतो: आधी चार भक्कम स्वर, मग वर झेप, आणि मग वळणे घेत खाली. त्यापूर्वीचे जॅझ मुख्यतः समूहाने एकत्र वाजवण्याचे होते. एकट्या कलावंताचा सोलो केंद्रस्थानी आला तो त्याच्या या काळातल्या तबकड्यांमुळे. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो येतो, आणि शेवटच्या कोरसमध्ये आर्मस्ट्राँग एकच वरचा स्वर चार मापे धरून ठेवतो. ही मापे मोजावीत. मोजायला शिकल्याचे सार्थक होते ते असल्या जागी.

ड्यूक एलिंग्टनचे काम अफाट आहे. त्यातली सुरुवात १९४० ते १९४२ या वर्षांतल्या तीन मिनिटांच्या तबकड्यांपासून करावी, कारण माझ्या मते त्याचा वाद्यवृंद त्यापेक्षा वर कधी गेला नाही. मार्च १९४० चे ‘को-को’ हा १२ मापांचाच ब्लूज आहे, तोही काळोखी, कोमल स्वरांचा. दर कोरसला वाद्यांचे थर चढत जातात आणि मधे एकदम सगळे थांबून जिमी ब्लँटनचा बेस एकटा बोलतो. ब्लँटनपूर्वी बेस असा कोणी वाजवला नव्हता. तो १९४२ मध्ये क्षयाने गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. (याच नावाची चार्ली पार्करची १९४५ ची रचना पूर्ण वेगळी आहे, शोधताना गोंधळ होतो.) एलिंग्टनचा वाद्यवृंद १९६३ च्या दौऱ्यात भारतातही येऊन गेला, आणि त्या प्रवासाच्या आठवणींतून त्याने व त्याचा सहरचनाकार बिली स्ट्रेहॉर्नने ‘फार ईस्ट स्वीट’ रचले. दिल्लीतल्या साळुंकीच्या शिळेवर त्यात एक रचना आहे. त्या अल्बममधल्या ‘इस्फहान’मध्ये जॉनी हॉजेसचा ऑल्टो सॅक्सोफोन ऐकला की, मींड हा प्रकार केवळ आपल्याकडेच आहे असे कोणी म्हणणार नाही.

टेनर सॅक्सोफोनवादक लेस्टर यंगसाठी बिली हॉलिडेच्या १९३७ च्या तबकड्या ऐकाव्यात, विशेषतः ‘अ सेलबोट इन द मूनलाइट’. गाणे किरकोळ आहे. पण ती गाते आणि तो तिच्या शब्दांच्या मागे हलक्या, हवेशीर आवाजात दुसरी चाल विणत जातो, आणि दोघांत मुख्य कोण हे सांगता येत नाही. तिने त्याला ‘प्रेझ’ म्हटले, त्याने तिला ‘लेडी डे’; दोघेही १९५९ मध्येच, चार महिन्यांच्या अंतराने गेले. बेसवादक चार्ल्स मिंगसचे ‘गुडबाय पोर्क पाय हॅट’ हे लेस्टरच्या मृत्यूनंतरचे शोकगीत आहे. त्याची ओळख झाल्याशिवाय ते ऐकू नये असे मला वाटते.

अवघड वाटणारे कलावंत

ऑल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करकडे जाताना त्याच्या अतिवेगवान रचनांनी सुरुवात करू नये. १९४८ चे ‘पार्कर्स मूड’ संथ ब्लूज आहे, आणि त्यात त्याचा प्रत्येक स्वर वेगळा ऐकू येतो. वेगाच्या आड लपलेली आर्तता येथे उघडी पडते. पियानोवादक थिलोनियस मंकसाठी त्याच वर्षीचे ‘मिस्टेरिओसो’ घ्यावे. त्याची थीम पायऱ्या चढल्या-उतरल्यासारखी आहे. मिल्ट जॅक्सन व्हायब्राफोन या धातूच्या पट्ट्यांच्या वाद्यावर सोलो वाजवत असताना मंक नेहमीच्या कॉर्डची भरगच्च साथ न देता मोजकेच स्वर ठेवतो. ते सुरुवातीला चुकल्यासारखे वाटतात. दहाव्यांदा ऐकताना त्यांच्याशिवाय ती रचना कल्पिता येत नाही.

सनी रोलिन्सचा १९५६ चा ‘सॅक्सोफोन कोलोसस’ तसा अवघड नाही, पण त्यातल्या ‘ब्लू सेव्हन’मध्ये एका छोट्या आकृतीतून तो सगळा विस्तार कसा उभा करतो, हे ऐकण्यासाठी थोडी पूर्वतयारी लागते. ख्यालातली बढत ज्याला भावते त्याला हा कलावंत जवळचा वाटेल. हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या उत्तरार्धात काही महिने मुंबईत, पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता.

कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’ची कीर्ती ऐकून नवखे तेथे जातात आणि थकतात. ते बाजूला ठेवावे आणि ९ डिसेंबर १९६४ रोजी मुद्रित झालेल्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे वळावे. पहिल्या भागात बेसवर जिमी गॅरिसन चार स्वरांची एक आकृती सुरू करतो. कोल्ट्रेन ती पुढे सप्तकाच्या बाराही जागांवरून वाजवून पाहतो, आणि अखेरीस तेच चार स्वर मानवी आवाजात, अल्बमचे नाव बनून, जपासारखे येतात. चौथ्या भागाचे रहस्य असे की तो सॅक्सोफोनवर स्वतःची प्रार्थना अक्षरशः वाचतो. ती कविता अल्बमच्या वेष्टनात छापलेली आहे. ती समोर ठेवून ऐकले की प्रत्येक ओळ कोठे संपते हे बोट ठेवून दाखवता येते. मॅकॉय टायनरचा पियानो आणि एल्विन जोन्सचे ड्रम्स यांच्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. कोल्ट्रेनची १९६१ मधली ‘इंडिया’ ही रचना केवळ नावावरून आधी ऐकण्याचा मोह होईल, पण ती यानंतरच ऐकावी. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचे ‘लोनली वुमन’ही याच टप्प्यावर; पियानो नसलेल्या त्या संचात बेस आणि ड्रम्स वेगाने धावतात आणि वर सॅक्सोफोन व कॉर्नेटची धून संथपणे, रडवेल्या स्वरात सरकते. पहिल्या श्रवणात ते न आवडल्यास सहा महिन्यांनी पुन्हा लावावे.

प्रत्यक्ष मैफल

मुंबई आणि गोव्याचा या संगीताशी संबंध जुना आहे. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, आणि त्यानंतरच्या पिढीत गोव्याच्या वादकांनी ही कला आत्मसात केली. चिक चॉकलेट या नावाने वाजवणारे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ यांना लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत, आणि सी. रामचंद्रांच्या चित्रपटगीतांतले स्विंगचे वळण आले ते अशाच वादकांच्या सहवासातून. १९७८ पासून मुंबईच्या रंगभवनात भरू लागलेल्या ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवाने एका संपूर्ण पिढीला हे संगीत समोरासमोर ऐकवले. आजही मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, आणि पुणे व गोव्यातही चांगले संच ऐकायला मिळतात.

मैफलीला जाताना ड्रम्सच्या थेट समोरची जागा घेऊ नये, तेथे बाकी सगळे बुडते. बेसवादकाची बोटे दिसतील अशा बाजूला, मध्यावर बसावे. प्रत्येक सोलो संपल्यावर, रचना चालू असतानाच, टाळ्या वाजवण्याची रीत आहे आणि ती पाळावी. मात्र बेसचा सोलो चालू असताना बोलू नये, कारण तेव्हा बाकीचे वादक आवाज खाली आणतात आणि सभागृहातली कुजबुज सर्वांत जास्त तेव्हाच ऐकू जाते. धून ओळखीची असेल तर मनात कोरस मोजत राहावे, म्हणजे सोलो कोणाकडून कोणाकडे आणि नेमका कोठे सोपवला गेला हे दिसते. तो क्षण जवळ आला की वादक एकमेकांकडे पाहतात. शेवटच्या कोरसांत अनेकदा फुंकीचे वाद्य आणि ड्रम्स चार-चार मापे आलटून पालटून वाजवतात. मध्यंतरात वादकांपाशी जाऊन वाजवलेल्या धुनांची नावे विचारावीत. ते आनंदाने सांगतात, आणि घरी जाऊन त्या धुनांची जुनी मुद्रणे शोधता येतात.